दगडफूल गाव सोडते तेव्हा

वैशाखात वर्षाचा मसाला करावयाचा, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. आमचे पूर्वज होळकरांच्या चाकरीनिमित्त इंदुरास आले, त्यास पिढ्या लोटल्या. बोलण्यात हिंदी शब्द मिसळले, सकाळच्या पोह्यांबरोबर जिलबी आली. परंतु गोड्या मसाल्याचे प्रमाण मात्र आजेसासूकडून सुनेकडे जसेच्या तसे उतरत आले. धने, जिरे, तीळ, खोबरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर आणि दगडफूल. सियागंजातील दुकानदार त्यास ‘पत्थरफूल’ म्हणतो, हैदराबादेकडील आमच्या आप्तांच्या तोंडीही तेच नाव असते, आणि बेळगावच्या बाजूस कानडी शेजारी त्यास ‘कल्लु हूवु’ म्हणतात. नावे वेगळी, अर्थ एकच.

यंदा मसाल्याची निवडानिवड चालू असता आमच्या नातीने सुपातील एक चुरगळलेला तुकडा उचलला. वरून राखी, खालून काळा, कडा कुरळ्या, वजन म्हणाल तर नाहीच.

“आजी, हे कुठल्या झाडाचं फूल?”

“दगडाचं,” खलबत्त्यावरून मान वर न करता आजीने उत्तर दिले.

आमची नात आठवीत आहे. अशा उत्तराने समाधान होण्याचे तिचे वय आता राहिले नाही. तिने तो तुकडा आमच्यापुढे आणून ठेवला. वनस्पतिशास्त्र शिकविण्यात आमची उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे घरात असे खटले आमच्याकडेच येतात. त्या दुपारी तिला जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत. कारण सांगता सांगता विषय आमच्या स्वयंपाकघरातून निघाला तो पॅरिसच्या एका बागेत गेला, इंग्लंडच्या गिरणगावांतून फिरला आणि अखेर आमच्याच परसात येऊन उभा राहिला.

दगडफूल हे फूल नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. ते पान नव्हे, शेवाळ नव्हे, आणि एक वनस्पतीही नव्हे. तो एक संसार आहे. बुरशीच्या तंतूंचे घर आणि त्या घरात वस्तीला असलेल्या हिरव्या शैवलाच्या सूक्ष्म पेशी, असे त्याचे स्वरूप असते. काही जातींत शैवलाच्या जागी निळे-हिरवे जीवाणू असतात. शैवलाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करावयाचे. बुरशीने निवारा द्यावयाचा, ओलावा धरून ठेवावयाचा, दगडाला किंवा सालीला घट्ट धरावयाचे. शैवल आणि कवक यांच्या या जोडीस आपल्याकडील शास्त्रीय ग्रंथांत ‘शैवाक’ असे नाव आहे. जगात त्याच्या सुमारे वीस हजार जाती आहेत आणि भारतात अडीच हजारांहून अधिक. मसाल्यात पडते ते त्यांपैकी दोन-चार जातींचे मिश्रण. आयुर्वेदातील ‘शैलेय’ ते हेच.

हा दोघांचा संसार आहे, ही गोष्ट १८६० च्या दशकाच्या अखेरीस सायमन श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञाने मांडली, तेव्हा मोठा गदारोळ उडाला. बुरशी ही मालकीण आणि शैवल हे तिचे बंदिवान गुलाम, असे त्याचे रूपक होते. शैवाकांवर आयुष्य वेचलेल्या पंडितांना ते मुळीच रुचले नाही. ज्यांच्या जातींना आपण नावे दिली, वर्णने लिहिली, ते स्वतंत्र जीवच नव्हेत असे कोणी म्हणू लागले, तर राग येणारच. विरोधकांत आघाडीवर होते विल्यम निलांडर. या वादात ते चुकले. तरीही आजच्या आमच्या विषयाचे जनकत्व त्यांच्याकडेच जाते, ही मौजेची गोष्ट आहे.

निलांडर मूळचे फिनलंडचे. जन्म १८२२ चा. हेलसिंकीच्या विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८६३ साली ती जागा सोडून ते पॅरिसला गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. स्वभाव तापट, भांडणे पुष्कळ, संसार नाही. मात्र नजर अशी की, इतरांना जेथे सालीवरचा डाग दिसे तेथे त्यांना एक जात दिसे. पॅरिसच्या मध्यभागी लक्झेंबर्ग नावाची विस्तीर्ण बाग आहे. सतराव्या शतकात राणी मारी द मेदिचीने आपल्या प्रासादाभोवती ती करविली. तेथील झाडांच्या खोडांवर निलांडरांना तीसहून अधिक जातींची शैवाके आढळली. शहराच्या इतर भागांत मात्र ती जवळजवळ नव्हती. तीच झाडे, तोच पाऊस, तेच ऊन. मग हा फरक का? १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात निलांडरांनी आपला तर्क सांगितला. शैवाके आपल्या परीने हवेची निर्मळता मोजून दाखवीत असतात. जेथे ती भरभराटीला येतात तेथील हवा माणसासही मानवते.

याच्या सात वर्षे आधी, १८५९ मध्ये, इंग्लंडात लिओ ग्रिंडन या गृहस्थांनी मँचेस्टर परिसरातील वनस्पतींवर पुस्तक लिहिताना अशीच खंत नोंदविली होती. जुनी राने तुटली आणि कारखान्यांचा धूर वाढला, त्यामुळे त्या भागातील शैवाके झपाट्याने कमी झाली, असे त्यांचे म्हणणे होते. पण निलांडरांच्या लेखनात नुसती खंत नव्हती. त्यात मोजण्याची कल्पना होती. पुढे तीस वर्षे पॅरिसच्या धुराड्यांतून दगडी कोळशाचा धूर निघत राहिला आणि १८९६ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्याच निलांडरांना लिहावे लागले की, लक्झेंबर्ग बागेतील शैवाके नाहीशी झाली आहेत. बाग होती, झाडे होती, फुलांचे ताटवे होते, मुले खेळत होती. गेली ती एवढीच, ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. तीन वर्षांनी निलांडरही गेले.

धुराने आंबा मरत नाही, वड मरत नाही. मग दगडावर आणि बर्फाळ प्रदेशात तग धरणारे हे चिवट प्राणिमात्र धुराला एवढे का भ्यावे? नातीने नेमका हाच प्रश्न विचारला.

याचे उत्तर त्याच्या चिवटपणातच आहे. झाडाला मुळे असतात, ते जमिनीतून पाणी ओढते. पानांवर मेणासारखा थर असतो, हवा आत-बाहेर करण्यासाठी रंध्रे असतात आणि ती मिटता येतात. शिवाय दरवर्षी जुनी पाने गाळून झाड आपली मलिनता टाकून देते. शैवाकाजवळ यांपैकी काहीच नाही. मूळ नाही, मेणाचा थर नाही, मिटावयाची रंध्रे नाहीत, टाकून द्यावयाची पाने नाहीत. पाऊस, दव, धुके आणि वाऱ्याबरोबर येणारी धूळ यांतून जे मिळेल ते सर्वांगाने शोषून घ्यावयाचे, हाच त्याचा चरितार्थ. दगडावरही त्यास जगता येते ते याचमुळे. पण जो सर्वांगाने पितो त्याला निवड करता येत नाही. पाण्याबरोबर विष आले तर तेही तो पितो आणि साठवून ठेवतो. त्यात वाढ अत्यंत मंद. खडकाला पापुद्र्यासारख्या चिकटलेल्या काही जाती वर्षाला एखादा मिलिमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी वाढतात. पानासारख्या जाती काही मिलिमीटर. तळहाताएवढा ठिपका म्हणजे कित्येक वर्षांची कमाई. ती एका वाईट हिवाळ्यात जाऊ शकते.

दगडी कोळशात गंधक असतो. तो जळला म्हणजे सल्फर डायऑक्साइड हा वायू होतो. ओलसर शैवाकात तो विरघळला की त्याची आम्लधर्मी द्रव्ये बनतात. पेशींची आवरणे झिरपू लागतात आणि शैवलातील हरितद्रव्य बिघडते. प्रथम शैवलाची अन्न करण्याची शक्ती जाते. मग त्याच्या जिवावर जगणारी बुरशी उपाशी पडते. ठिपका कडेने पांढुरका किंवा तांबूस होतो, मध्ये सुटतो आणि एखाद्या पावसात गळून पडतो. कोरडे शैवाक झोपी गेल्यासारखे असते, त्या अवस्थेत त्याला इजा कमी होते. युरोपातील दुर्दैव असे की, तेथे शैवाके ओली आणि जागी असतात ती हिवाळ्यात, आणि शेगड्यांतून कोळसा पेटे तोही हिवाळ्यातच.

धुराचा हा आरोप सहजासहजी मान्य झाला नाही, हे येथे सांगितले पाहिजे. शहरात हवा कोरडी असते, पाणी गटारांतून वाहून जाते, म्हणून शैवाके मरतात. धुराचा संबंध नाही, असे म्हणणारे विद्वान पुष्कळ होते. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे नव्हे. स्वीडनच्या सेर्नांडर यांनी १९२६ साली स्टॉकहोमचा नकाशा काढून दाखविला होता : मध्यभागी शैवाकांचे वाळवंट, त्याभोवती झगड्याचा पट्टा आणि बाहेर नेहमीची वस्ती. पण वाळवंट कशामुळे, हा प्रश्न उरतच होता. १९६० च्या सुमारास आयर्विन ब्रोडो यांनी एक साधी, पण फार नामी युक्ती केली. न्यूयॉर्कनजीकच्या लाँग आयलंडवर त्यांनी निरोगी शैवाकासह झाडाच्या सालीच्या गोल चकत्या कापल्या आणि शहरापासून निरनिराळ्या अंतरांवरील झाडांत त्या बसविल्या. साल तीच, शैवाक तेच. बदलली ती फक्त जागा. शहराकडे जावे तसतशी चकत्यांवरील शैवाके खंगत गेलेली आढळली. इंग्लंडात न्यूकॅसल शहराभोवती ऑलिव्हर गिल्बर्ट यांनी याच दशकात केलेल्या कामाने सल्फर डायऑक्साइडचा वाटा स्पष्ट केला. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली, ती आम्हांस विशेष बोधक वाटते. ज्या भागात झाडांवर एक ठिपका उरलेला नसे, तेथेही चुन्याच्या जुन्या भिंतींवर आणि सिमेंटच्या पत्र्यांवर काही जाती तग धरून असत. चुना आम्लाला मारतो. भिंतच त्या शैवाकांची ढाल झाली होती.

मग १९७० साली डेव्हिड हॉक्सवर्थ आणि फ्रान्सिस रोज या दोघांनी ‘नेचर’ या नियतकालिकात इंग्लंड व वेल्ससाठी शून्यापासून दहापर्यंतची एक मोजपट्टीच प्रसिद्ध केली. शून्य म्हणजे खोडावर काहीही नाही. एक म्हणजे खोडाच्या पायथ्याशी फक्त हिरव्या शैवलाची पूड; हिवाळ्यात तेथील घनमीटर हवेत सरासरी १७० मायक्रोग्रॅमहून अधिक सल्फर डायऑक्साइड असतो. १५० च्या सुमारास लेकॅनोरा कोनिझिऑइडिस हे लांबलचक नावाचे करडे-हिरवे खवल्यांचे शैवाक येते. हवा निवळत गेली की पानांसारख्या जाती येतात. आकडा ४० च्या आसपास उतरला की दाढीसारख्या लोंबणाऱ्या जाती दिसू लागतात. म्हणजे कोणत्याही यंत्राशिवाय, हातात एक भिंग घेऊन, मनुष्य गावातून चालत जाईल आणि हवेचा नकाशा काढील. पुढे ब्रिटनमधील हजारो शाळकरी मुलांनी सुट्टीत झाडे आणि भिंती पाहून खरोखरच असा नकाशा तयार केला. हे ऐकून आमच्या नातीने मसाल्याचे सूप बाजूला ठेवले.

वर ज्या लांब नावाच्या जातीचा उल्लेख आला, तिची कथा निराळीच आहे. सर्वांना मारणारा धूर हिला मानवला. प्रतिस्पर्धी मेले, मोकळ्या जागा मिळाल्या आणि विसाव्या शतकात ब्रिटनच्या काळवंडलेल्या शहरांतून हीच एक सर्वत्र पसरली. त्याच धुराने आणखी एक फेरबदल घडविला. तेथे पांढुरक्या पंखांवर काळे शिंतोडे असलेला एक पतंग असतो. शैवाकांनी भरलेल्या खोडावर तो बसला की पाखरांना दिसत नसे. शैवाके गेली, साल काजळीने काळी झाली, आणि मँचेस्टरला १८४८ साली प्रथम नोंदलेला त्याचा काळा प्रकार शतक संपेपर्यंत त्या भागात जवळजवळ एकटाच उरला. शाळेच्या पुस्तकात उत्क्रांतीचा दाखला म्हणून हा पतंग आम्ही पुष्कळ वर्षे शिकविला. त्याच्या पाठीमागे शैवाकांचे मरण होते, हे मात्र आम्हीही वर्गात कधी ठासून सांगितले नाही. याची आता चुटपुट लागते.

१९५२ च्या डिसेंबरात लंडनवर धुरकट धुक्याची चादर पसरली आणि त्या काही दिवसांत व लगेच पुढे हजारो माणसे दगावली. तेव्हा कोठे सरकारला जाग आली. १९५६ साली निर्मळ हवेचा कायदा झाला. ग्रिंडन यांच्या पुस्तकानंतर सत्त्याण्णव वर्षांनी! शैवाकांनी जे शतकभर सांगितले, ते माणसे मरू लागल्यावर ऐकू आले. पुढे कोळशाच्या शेगड्या गेल्या, वायू आणि वीज आली, मोठी वीजकेंद्रे शहराबाहेर गेली. १९८१ मध्ये हॉक्सवर्थ व रोज यांनीच लंडनमध्ये शैवाके परतू लागल्याचे प्रसिद्ध केले. आणि १९९१ साली पॅरिसहून वार्ता आली. लक्झेंबर्ग बागेत जवळजवळ शतकाच्या अंतराने पुन्हा शैवाके उगवली होती. एका इंग्रज शास्त्रज्ञाने आणि एका फ्रेंच विदुषीने ती शोधून नोंदली. निलांडरांच्या तीसहून अधिक जातींपुढे ही संख्या लहानच होती, आणि परतलेली मंडळी सर्वस्वी तीच नव्हती. पण खोडांवर पुन्हा ठिपके होते.

येथे गोष्ट संपविता आली असती तर बरे झाले असते. परंतु शैवाके परतली ती नव्या हवेत. गंधक गेला, त्याच्या जागी मोटारींच्या धुरातील नायट्रोजनची संयुगे आली, गोठ्यांतून आणि खतांतून उठणारा अमोनिया आला. हॉलंडात, जेथे दाटीवाटीने डुकरे आणि कोंबड्या पाळतात, अमोनियाने झाडांच्या सालीचा आम्लपणाच बदलला. तेथे पिवळ्या-नारिंगी रंगाचे झांथोरिया आणि त्याचे नायट्रोजनप्रिय भाईबंद फोफावले, आणि आम्लधर्मी सालीवर राहणाऱ्या जुन्या जाती मागे हटल्या. धुराची लाडकी ती लेकॅनोरा तर धूर जाताच ब्रिटनमधून इतकी ओसरली की, एके काळी जिथे तिथे दिसणारी ही जात आता शोधावी लागते. म्हणून खोड हिरवेगार अथवा पिवळेधमक दिसले की हवा चांगली, असा निष्कर्ष घाईने काढू नये. किती आहेत हे पाहून भागत नाही. कोण आहेत हे पाहावे लागते. आमच्या आळीतील एका गृहस्थांनी भिंतीवरील काळ्या-हिरव्या बुरसटपणाकडे बोट दाखवून ‘आमच्याकडची हवा उत्तम’ असे आम्हांस बजावले होते. ती नळाची गळती होती.

शैवाकांचे हे सांगणे माणसाशी किती जोडलेले आहे, याचा एक अभ्यास इटलीत झाला. तेथील व्हेनेतो प्रांतात चिस्लागी व निमिस या दोघांनी जागोजागच्या शैवाकांच्या विविधतेचा नकाशा काढला आणि त्यावर फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या, वयाने तरुण अशा स्थानिक पुरुषांचा नकाशा ठेवून पाहिला. दोन्ही नकाशे फार जवळून जुळले. जेथे शैवाके कमी तेथे मृत्यू अधिक. हे १९९७ साली ‘नेचर’मध्येच प्रसिद्ध झाले. शैवाक नसल्यामुळे कर्करोग होतो, असा त्याचा अर्थ नाही, हे सांगावयास नकोच. एकच हवा दोघेही घेत होते, आणि एकाला मुळीच आडपडदा नव्हता.

आणि जे मरत नाहीत ते हिशेब ठेवतात. १९८६ च्या एप्रिलात चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, तेव्हा वाऱ्याबरोबर गेलेले किरणोत्सर्गी सीझियम उत्तरेकडे स्वीडन-नॉर्वेच्या थंड पठारांवर पावसातून उतरले. तेथील सामी लोक रेनडियरांचे कळप पाळतात, आणि हिवाळ्यात रेनडियर शैवाकांवरच जगतात. शैवाकांनी पावसातले सीझियम सर्वांगाने शोषले, ते रेनडियरांच्या मांसात उतरले आणि हजारो जनावरांचे मांस फेकून द्यावे लागले. अणुभट्टी कित्येक शेकडो कोसांवर होती. त्या लोकांनी ती पाहिलीही नव्हती.

आता आपल्याकडे वळू. भारतातील शैवाकांच्या अभ्यासाचा पाया लखनौस धरणीधर अवस्थी यांनी घातला. तेथीलच राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत दलीपकुमार उप्रेती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैवाकांतील जड धातू मोजण्याचे काम पुष्कळ केले. पुण्यास आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन, माखिजा आदी संशोधकांनी सह्याद्रीतील जातींची वर्णने केली. मराठी मुलखातील शैवाकांची ओळख करून घेऊ इच्छिणारास त्यांच्याकडेच जावे लागते. बेंगळूरच्या लालबागेचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. आधीच्या यादीशी ताडून पाहता अठरा वर्षांत तेथील शैवाकांचा संसार बराच पालटलेला दिसला; जुन्या जाती बहुतेक गेल्या होत्या आणि नव्या आल्या होत्या. लालबागेची आधीची यादी होती म्हणून हे कळले.

आमच्या माळव्याचाही एक दाखला आहे. धारजवळच्या मांडवगडाचे जुने महाल आणि मशिदी सर्वांनी पाहिलेल्या असतील. निदान पावसाळ्यात एकदा सहल नेली नाही, असा इंदूरकर विरळा. तेथील भिंतींवरची शैवाके उप्रेती यांच्या चमूने गोळा केली आणि त्यांत आर्सेनिक, म्हणजे सोमलाचे मूलद्रव्य, किती साठले आहे ते मोजले. निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. रूपमतीच्या सज्जात उभे राहून आम्ही नर्मदेची रेघ शोधीत असतो. हात ज्या भिंतीवर टेकलेला असतो तिच्यावरचा करडा ठिपका हवेतला सोमल टिपून ठेवीत असतो, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

खुद्द इंदुरात आमच्या बालपणी गिरण्यांच्या भोंग्यांवर घड्याळे लावीत. वाळत घातलेल्या धोतरावर काजळीचे कण पडत, आणि आई ते झटकताना जे बोले ते येथे लिहिण्यासारखे नाही. त्या चिमण्या एकामागून एक थंडावल्या. हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली. चिमण्यांचा धूर गेला आणि मोटारींचा आला. धूर होता तेव्हा आमच्या आंब्या-चिंचांच्या खोडांवर काय होते आणि काय नव्हते? निलांडरांसारखा एखादा तऱ्हेवाईक मनुष्य तेव्हा येथे वही घेऊन हिंडला असता, तर आज ताडून पाहता आले असते. रस्त्यांच्या स्वच्छतेत आमच्या शहराने २०१७ पासून वर्षानुवर्षे देशात पहिला मान मिळविला, त्याचा आम्हांस अभिमान आहे. पण शोभेसाठी रस्त्याकडेच्या झाडांची खोडे गेरू आणि चुन्याने रंगविण्याची जी हौस सर्वच शहरांतून दिसते, ती पाहून जीव हळहळतो. त्या रंगाखाली काय पुसले गेले ते कोणी पाहात नाही. बागाईतदारही कित्येकदा शैवाकाला झाडाचा रोग समजून खरवडून काढतात. शैवाक झाडाचा रस पीत नाही. खोड हा त्याचा फक्त पाट आहे, ताट नव्हे.

मसाल्याच्या दगडफुलाविषयी वाचकांच्या मनात एव्हाना शंका आली असेल, कारण आमच्या सौभाग्यवतींनी ती लगेच बोलून दाखविली : “म्हणजे हे टाकायचं की काय?” बाजारात येणारे दगडफूल मुख्यतः हिमालयाच्या व दक्षिणेतील डोंगरांच्या जंगलांतून गोळा केलेले असते, कारखान्यांच्या अंगणातून नव्हे, आणि मसाल्यात त्याचे प्रमाण ते किती! आमच्या डब्यात ते राहिले आहे. अधिक चिंता वाटते ती वेगळीच. वर्षाला काही मिलिमीटर वाढणारी वस्तू पोत्यांनी खरवडली जाते आणि खरवडलेले खोड पुन्हा भरून यावयास किती वर्षे लागतील, याचा हिशेब सियागंजातील भावात धरलेला नसतो. मूठभरात भागत असेल तर दोन मुठी घेऊ नयेत, एवढे मात्र आम्ही घरात सुचविले. त्यावर स्वयंपाकघरातून काही उत्तर आले नाही.

दुपार कलल्यावर नात आणि आम्ही भिंग घेऊन परसात गेलो. आमच्या वडिलांनी लावलेला आंबा तेथे आहे. रस्त्याच्या बाजूस खोड धुळीने करडे आणि उघडे होते. विहिरीच्या बाजूस, छातीच्या उंचीवर, राखी-पांढुरके पाच गोल ठिपके सापडले. सर्वांत मोठा जुन्या रुपयाएवढा. माळव्यासारख्या सपाटीवरील शहरांतून आंब्याच्या सालीवर पिक्सिने कोकोस नावाचे एक सोशीक, धुळीला न भिणारे शैवाक आढळते. त्याच घराण्यातील हे असावे. दाढीसारखे लोंबणारे किंवा रुंद पानांचे काही दिसले नाही. नातीला थोडी निराशा वाटली. मग तिने बाजारातून आणलेल्या मिठाईच्या डब्यातला तेलकागद धुऊन पुसून घेतला, मोठ्या ठिपक्यावर धरला आणि पेन्सिलीने त्याची कड न कड उतरवून घेतली. कोपऱ्यात तारीख, झाडाचे नाव, दिशा आणि जमिनीपासूनची उंची लिहिली. रस्त्याच्या बाजूसाठीही एक कागद घेतला आणि त्यावर ‘काही नाही’ असे लिहून तोही जपून ठेवला. दोन्ही कागद आजीच्या मसाल्याच्या प्रमाणाच्या वहीत आहेत. पुढच्या वैशाखात ती वही निघेल, तेव्हा ते पुन्हा खोडाला लावून पाहावयाचे आहेत.